मॅडमनी पास केलेली बोट

कोणतीही वस्तू हातात आली की आमच्या मॅडम आधी ती उलटी करायच्या. कप असो, खुर्ची असो, निरोपसमारंभात मिळालेली गणपतीची मूर्ती असो. वरची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते आणि खरं काय ते खाली असतं, असा त्यांचा ठाम समज होता. "आधी तळ दाखवा," हे त्यांचं पालुपद. दुकानदार रंगाचं, नक्षीचं कौतुक सांगत असायचा आणि मॅडम चष्मा कपाळावर सरकवून वस्तूच्या बुडाशी काहीतरी शोधत असायच्या. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की पाय दुखतात, पण आणलेली वस्तू मात्र वर्षानुवर्षं टिकते.

एकदा इंदूरच्या सराफ्यात बायकोसाठी कानातलं घ्यायला मी त्यांना बरोबर नेलं. त्यांनी ते इतक्या वेळा उलटंपालटं केलं की सराफ कळवळून म्हणाला, "मैडमजी, ये पहनने की चीज है, पलटने की नहीं." मॅडमनी ते शांतपणे खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. ते पण उलटं.

आमचा कारखाना पंपांचा. मॅडम क्वालिटीच्या प्रमुख आणि मी खरेदीत. ज्यांनी कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांना या दोन खात्यांचं नातं सांगायला नको. खरेदीवाल्याने घासाघीस करून माल आणायचा आणि क्वालिटीवाल्याने नाक मुरडून परत पाठवायचा. मी सांगलीहून इंदूरला आलो, त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी माझा पंपाच्या ओतीव भागांचा अख्खा ट्रक परत पाठवला. मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, "मॅडम, सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. चालून जाईल."

मान वर न करता त्या खास इंदुरी थाटात म्हणाल्या, "भिया, पाण्याला छोटं-मोठं मालूम नसतं. त्याला फक्त रस्ता पाहिजे."

मी चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. पुढे आम्ही राजेंद्र नगरात एकाच गल्लीत राहतो हे कळलं, मी त्यांच्या गाडीतून कामावर जाऊ लागलो आणि भांडण रोजच्या सवयीचं झालं. त्यांचं घराणं होळकरांच्या चाकरीपासून इंदुरातलं. त्यांच्या मराठीत दर तिसरा शब्द हिंदी असे आणि माझ्या सांगलीच्या मराठीला त्या "किती अकड आहे रे तुझ्या बोलण्यात" म्हणत.

अशा बाईला जुनी बोट घ्यायची होती.

दसरा नुकताच झाला होता. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "तू सेकंड हँड मशिनं चांगली शोधतो. मला एक बोट बघून दे. केबिनवाली. मतलब आत दोन माणसं झोपली पाहिजेत. शनिवारी जायचं, रविवारी यायचं."

मी हसलो. इंदुरात बोट म्हणजे वाळवंटात छत्री. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला, उलटा केला आणि त्याच्याकडे बघत सगळं सांगितलं.

त्यांचे यजमान मूळचे रत्नागिरीकडचे आणि मालवाहू जहाजांवर होते. लग्नानंतर मॅडमच्या आई अंथरुणाला खिळल्या, मॅडम एकुलत्या एक, म्हणून ते सहा महिन्यांची रजा काढून इंदूरला आले. "मी बोलावलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ते आले. आणि मग गेलेच नाहीत." समुद्रापासून इतक्या लांब येऊन त्या माणसाने सबंध आयुष्य कोचिंग क्लासात गणित शिकवलं. मुलं त्यांना कॅप्टन सर म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "सेकंड ऑफिसर." आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो.

त्या पावसाळ्यात सरांचा उजवा हात थरथरायला लागला. तुकोगंजच्या डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. औषधाने ही थंडी बरी जाईल, पुढचं आत्ताच सांगता येत नाही, असं ते म्हणाले. परतताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. बघता बघता म्हणाले, "पाण्यावर एकदा झोपायला हवं होतं."

"बस, इतकंच बोलले," मॅडम म्हणाल्या. "इतक्या सालांत पहिल्यांदा काही मागितलं यार त्यांनी. ही थंडी जायच्या आत पाहिजे मला."

मी लगेच हो म्हटलं. नर्मदेवरच्या धरणाचं बॅकवॉटर आमच्यापासून काही तासांवर. तिथल्या नौकाविहाराच्या धक्क्यावर तेव्हा खाजगी बोट ठेवायला परवानगी मिळत असे. आता नियम कडक झालेत असं ऐकतो. विकाऊ बोट शोधायची, ट्रेलरवर घालून आणायची, पाण्यात सोडायची. मला काम सोपं वाटलं. माल पास कोण करणार आहे, हे मी त्या क्षणी विसरलो होतो.

पहिली बोट भोपाळला. पांढरीशुभ्र, आत गाद्या, पडदे. सर शिडी चढून वर गेले आणि सुकाणूच्या चाकापाशी उभे राहिले. बोट ट्रेलरवर होती आणि समोर पोपडे उडालेली भिंत. सर त्या भिंतीकडे असे बघत होते की मला तिकडे बघवेना. इकडे मॅडमनी चटई अंथरली, टॉर्च घेतला आणि त्या बोटीखाली उताण्या झोपल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "फोड आलेत. पापडासारखे. फायबरच्या आत पाणी गेलं आहे."

मालक म्हणाला, "मैडम, पानी में उतरने के बाद कहाँ दिखते हैं वो."

"इसीलिए तो अभी देख रही हूँ."

दुसरी बोट चक्क आमच्या बायपासवर निघाली, एका बिल्डरच्या फार्महाउसच्या हिरवळीवर. तिच्यावर दिव्यांच्या माळा होत्या आणि तिच्यापुढे लोक वाढदिवसाचे फोटो काढत. बिल्डर जुनी मोटार विकावी तशी ती विकत होता. "सिंगल हँड आहे मॅडमजी, शोरूम कंडिशन. हिने पाण्याचा एक थेंब पाहिलेला नाही." इंजिनाचं झाकण उघडलं तर आत मधमाश्यांचं पोळं. सरांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी चष्म्याला हात घातला, पण बोटं थरथरत होती, चष्मा निघेना. मॅडमनी तो काढला, ओढणीने पुसला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. हे करताना बिल्डरशी चाललेला वाद त्यांनी एका शब्दानेही थांबवला नाही.

तिसरी बोट पनवेलकडे होती, तिच्या इंजिनाच्या तेलात पाणी मिसळलेलं निघालं. चौथी गोव्यात, तिचे फोटो बघूनच मॅडम नाही म्हणाल्या. दिवाळी गेली. थंडी पडली. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेलो तर सर चमच्याऐवजी वाटी तोंडाला लावून खात होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी ते पाहिलं का ते बघत होत्या. बोट मिळेल, पण तिचं चाक धरायला हात उरणार नाहीत, अशी भीती मला वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी न राहवून म्हटलं, "मॅडम, पंप वेगळा आणि बोट वेगळी. इतकं तपासत बसलात तर थंडी संपेल."

"वेगळी तर आहेच," त्या म्हणाल्या. "पंपात माणूस झोपत नाही."

कारखान्यात पोहोचल्यावर मी विकाऊ बोटींची यादी पुन्हा उघडली.

पाचवी बोट माझ्या एका पुरवठादाराने सुचवली. खंडव्याकडच्या एका गृहस्थांची, धक्क्यावरच ट्रेलरवर उभी. लहानशी, निळ्या पट्ट्याची, आत दोन अरुंद बिछाने आणि स्टोव्ह ठेवायला ओटा. आम्ही शनिवारी सकाळी तिथे पोहोचलो. सर शिडी चढले तेव्हा मॅडमचा हात त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी टेकवला नाही आणि काढलाही नाही.

मग चटई, टॉर्च. मग आत जाऊन टाचेने दाबून दाबून सबंध फळी पाहणं. मागच्या कोपऱ्यात त्या थांबल्या. पुन्हा टाच दाबली. "इथे दबतंय."

तो चेहरा मला पाठ होता. अख्खा ट्रक परत जायचा तेव्हा तोच असे.

"नाही," त्या म्हणाल्या.

सर चाकापासून वळले. "मला ही हवी."

"अहो, आतून लकडी सडत चालली आहे. आज चालेल. पण दोन-तीन सालांनी..."

"दोन-तीन वर्षांचं कुणी विचारलंय?" सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "तुला जन्मभर टिकणारी हवी. मला ही थंडी टिकणारी पुरे. तू अशीच तपासत राहा, अगं, मी बसतो भिंतीकडे बघत."

मी खाली उतरून उगाच ट्रेलरच्या चाकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने वरून मॅडमचा आवाज आला, अगदी बारीक. "ठीक आहे. पण आधी पाण्यात चालवून बघू."

आता जे घडलं ते नीट सांगतो. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, एक पितळी बूच असतं. बोट जमिनीवर असताना ते काढलं की आत साचलेलं पाणी वाहून जातं, आणि पाण्यात सोडण्याआधी ते घट्ट बसवायचं असतं. मॅडमनी ते स्वतः फिरवून काढलं. आतून किती पाणी येतं ते पाहिलं, बोटाला लावून वास घेतला, तेल नाही याची खात्री केली. तेवढ्यात मालक पूजेचं ताट घेऊन आले. आमच्या इंदुरात काय किंवा तिकडे खंडव्यात काय, नवी-जुनी कोणतीही गाडी पूजेशिवाय हलत नाही, मग बोट तरी कशी हलेल. नारळ मीच आणला होता. बोटीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. प्रसाद घ्यायला हात मोकळा हवा म्हणून मॅडमनी बूच स्वेटरच्या खिशात टाकलं. आणि त्याच वेळी शिडीवर सरांचा पाय सटकला.

त्या धावल्या. सर सावरले, हसले, वर गेले. त्यानंतर मॅडमचं लक्ष बोटीवर नव्हतंच. त्या सरांच्या हातांकडे बघत होत्या.

सरांनी इंजिन, गिअर असं ज्या पद्धतीने हाताळून पाहिलं त्यावरून मालकांनी माणूस ओळखला आणि ते काठावरच थांबले. आम्ही तिघे निघालो. बोट ट्रेलरवरून घसरून पाण्यात तरंगली तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी आनंद म्हणणार नाही. बऱ्याच वर्षांनी आपल्या घराचं दार उघडणाऱ्या माणसासारखे ते गंभीर झाले होते. काठ लांब गेला. दुपारचा वारा सुटला. धरणाचं पाणी लांबून तळ्यासारखं दिसतं, पण वारा सुटला की त्यावर आखूड, चिडक्या लाटा उठतात. मला पोहता येत नाही. मी कठडा धरून बसलो होतो.

पाणी प्यायला म्हणून केबिनमध्ये उतरलो आणि बूट भिजले. आतली सतरंजी तरंगत होती.

"मॅडम, पाणी," मी म्हणालो.

त्यांनी केबिनमध्ये पाहिलं. मग हळूच खिशात हात घातला आणि बूच बाहेर काढलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला आणि नंतर कित्येक दिवस मला तो विसरता आला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची छिद्रं पकडणारी ती बाई स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

"मी विसरले," त्या म्हणाल्या. "अहो, मी बूच घालायचं विसरले."

बोटीतला पाणी उपसणारा पंप थोडा घरघरला आणि बंद पडला. आमच्या कारखान्याचा नव्हता, एवढंच समाधान.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. "बाहेरून बसतं ते, आता उपयोग नाही. मागचं झाकण उघड. पालथी झोप. हात आत घाल, भोक लागेल. तळहात दाबून धर." हा आवाज गणिताच्या क्लासातला नव्हता. त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला आणि बोट काठाकडे वळवली.

मॅडम त्या पाण्यात पालथ्या झोपल्या. खांद्यापर्यंत हात आत गेला, गाल फळीला टेकला. "मिळालं."

"काढू नकोस हात."

"नाही काढत."

मी घरून आणलेला पोह्यांचा डबा उघडला, पोहे नर्मदेला अर्पण केले आणि त्या डब्याने पाणी उपसायला लागलो. उपसता उपसता सरांकडे बघत होतो. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. हातातली अंगठी चाकावर टकटक वाजत होती. मी विचारलं, "सर, मी धरू का?"

"तू पाणी काढ."

खालून मॅडमनी विचारलं, "किती राहिलं?"

"आलो," सर म्हणाले. काठ अजून कुठल्या कुठे होता. एक लाट आत आली, मॅडमच्या पाठीवरून गेली. त्यांना ठसका लागला, पण हात हलला नाही. पुन्हा विचारलं, "अहो, किती राहिलं?"

"आलोच."

अखेर काठ जवळ आला. सरांनी धक्का सोडून दिला आणि शेजारच्या चिखलाच्या उतारावर बोट सरळ चढवली. एक मोठा घासल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. मॅडम तरीही पालथ्याच होत्या. सर जाऊन त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आता सोड. जमीन आली."

त्यांच्या तळहातावर भोकाचा लालभडक गोल उमटला होता. मालक धापा टाकत आले आणि माफी मागू लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं. "गलती मेरी थी." मग माझ्याकडे वळल्या. केसांतून पाणी गळत होतं. "कागद करून घे."

"मॅडम, तो दबणारा कोपरा?"

"आहे. मला मालूम आहे." आणि मग आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात मी त्यांच्या तोंडून फार क्वचित ऐकलेला शब्द त्या म्हणाल्या. "पास."

त्या थंडीत ते दोघे जवळपास दर शनिवारी गेले. सोमवारी गाडीत मी विचारायचो, कसं झालं. मॅडम म्हणायच्या, "झोपले. सकाळपर्यंत." बस, एवढाच अहवाल. घरी सरांचं अंग रात्रभर आखडायचं, कूस बदलता यायची नाही, हे मला नंतर कळलं. पाण्यावर का कुणास ठाऊक, त्यांना झोप लागायची. ती थंडी गेली, पुढचीही मिळाली. तिसरी नाही मिळाली.

सरांच्या मागे मॅडमनी नोकरी सोडली आणि मुलीकडे नागपूरला गेल्या. बोट खंडव्याच्या त्याच गृहस्थांनी परत नेली. कारखान्यात मॅडमच्या टेबलापाशी आता एक हसतमुख तरुण गृहस्थ बसतात. माझा माल पहिल्या फेरीत पास होतो आणि मला रात्री चिंता लागते.

बोट घेतल्यानंतर मी त्या दोघांना तिच्यावर एकदाच पाहिलं, ते त्या दुसऱ्या थंडीच्या शेवटी. सरांच्या हाताला चाक आता झेपत नव्हतं आणि आवाज इतका खोल गेला होता की जवळ बसूनही ऐकू येईना. चाकावर मॅडम होत्या. सर त्यांच्या मागे उंच बैठकीवर, अंगावर शाल, आणि त्यांचा हात मॅडमच्या खांद्यावर. बोट कुठे वळवायची ते सर त्या हाताने सांगायचे. डावीकडे दाबलं की डावी, उजवीकडे दाबलं की उजवी. मी धक्क्यावरून दोर सोडत होतो. सरांचा हात थरथरताना मला दिसत होता, एकसारखा. मी वाकून मॅडमना हळूच विचारलं, "यातला सरांनी दाबलेला कुठला आणि नुसता कंप कुठला, हे तुम्हाला कळतं कसं?"

"नाही कळत रे," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "प्रत्येक वेळी थोडं थोडं वळवते."

मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि बोट निघाली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, पुन्हा थोडी डावीकडे, अशी ती सबंध पाणी ओलांडून गेली, आणि पलीकडच्या बेटाआड जाईपर्यंत सरांचा हात मॅडमच्या खांद्यावर होता.